पेरणीतलं माहेरपण

तात्याराव : ...पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिलं, ताई. ह्या वहीत मार खाल्लेली एक पण बाई नाही.

विमल : नीट पाहिलंत?

तात्याराव : चष्मा लावून पाहिलं. तारीख, नाव, गाव, कारण. कारणाच्या रकान्यात काय आहे, वाचू? ‘माहेरपण’. त्याच्या खाली ‘वरीलप्रमाणे’. मग वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, पान संपेपर्यंत वरीलप्रमाणे. पान उलटलं की पुन्हा ‘माहेरपण’. तुमच्या मातोश्रींना लेकी किती हो?

विमल : एकच. मी.

तात्याराव : आणि माहेरपणाला आल्या एकशे बारा.

विमल : आई शाळेत शिकवायची. नोंद ठेवल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

तात्याराव : नोंद ठेवली हो, पण काय ठेवली? योजना कशासाठी आहे? मारहाण झालेल्या, घराबाहेर काढलेल्या बायकांसाठी. महिला आधार केंद्र. अख्ख्या जिल्ह्याला एक. आज तीन वाजता इथं जिल्हा परिषदेत महिला-बालकल्याण समितीची बैठक. मी अहवालात लिहायचं, गरज आहे का नाही. ही वही पुढं ठेवली तर लोक म्हणतील, लेकीबाळी चार दिवस जेवायला येतात, त्याला सरकारचा पैसा कशाला?

विमल : मग तो पैसा कुठं जाईल?

तात्याराव : शिलाई मशीन. दरसाल शिलाई मशीन. आबासाहेबांची यादी खिशातच असते.

विमल : समितीचे सभापती ते आहेत?

तात्याराव : सभापती त्यांच्या मंडळी, अंबिकाबाई. बायकांची राखीव जागा आली ना आता. सही अंबिकाबाईंची, बोलणं आबासाहेबांचं.

बायनाबाई : माझ्या जावंला भेटली व्हती सायेब, ती मशीन. घरात मशीन बी हाय, आन जावंच्या कपाळाला मशीनच्या चाकाची खून बी हाय.

तात्याराव : ह्या मावशी कोण?

विमल : बायनाबाई. वालूरच्या. आईजवळ राहायच्या. स्वयंपाकपाणी, आल्यागेल्याचं सगळं त्याच बघतात. वहीत नाव आहे त्यांचं. शहाऐंशीच्या नोव्हेंबरात बघा.

तात्याराव : शहाऐंशी... हां. ‘बायनाबाई, वालूर. माहेरपण.’ मावशी, सहा वर्षं झाली की ह्याला!

बायनाबाई : लांबलं जरा.

तात्याराव : हसायचं का रडायचं, सांगा बरं मला. ताई, एक गोष्ट सांगतो, बाहेर बोलू नका. अजून दोन तास आहेत. तिकडं रेकॉर्डच्या खोलीत बसा आणि कारणाचा रकाना दुरुस्त करा. मारहाण, दारू, हुंडा, काय असेल ते लिहा. पेन मी देतो.

विमल : आईच्या अक्षरावर?

तात्याराव : अक्षर कोण पाहायलंय?

विमल : मी पाहीन. आणि लिहू काय? कुणाचं काय झालं होतं ते मला माहीत नाही. ती कुणाला सांगायची नाही. मलासुद्धा नाही.

बायनाबाई : मला ठावं हाय. मी आल्यापासनं आलेल्या समद्या जनींचं.

तात्याराव : मग सांगा की मावशी!

बायनाबाई : न्हाई सांगायची.

तात्याराव : का?

बायनाबाई : आर्ध्या जनी पुन्ना नांदायला गेल्यात. घरी सांगून आल्यात, मावशीकडं व्हते, देवाला गेलते. हे कागुद गावात गेलं तर त्यांचं काय व्हईल?

तात्याराव : आमच्या ऑफिसातून कागद बाहेर जात नाही.

बायनाबाई : तुमचा शिपाई भुजंग माझ्या भावकीतला हाय सायेब. मी वालूरला न जाता वालूरचं समदं मला कळतंय, ते त्याच्यामुळंच.

तात्याराव : ...दार लोटून घ्या जरा.

विमल : तात्याराव, मी तुमचा वेळ घ्यायला आलेले नाही. आई जाऊन सव्वा महिना झाला. मी औरंगाबादला ग्रंथालयात नोकरी करते, रजा पंधरा तारखेला संपते. घर आईच्या पेन्शनवर चालायचं. ती आता बंद झाली. केंद्र मंजूर झालं तर बायनाबाई आणि एखादी शिकलेली बाई मिळून चालवतील, घर मी फुकट देते. नाही झालं, तर मला कुलूप लावून जावं लागेल. घरात आजही बायका आहेत. त्यांना कुठं जा म्हणून सांगू, एवढंच मला विचारायचं आहे.

तात्याराव : तुमचं म्हणणं पटतंय हो. पण कागदाला पटलं पाहिजे. बाईंनी हा शब्द लिहिलाच कशाला? ‘आश्रय’ म्हणावं, ‘आसरा’ म्हणावं. माहेरपण!

विमल : पहिली नोंद बघा.

तात्याराव : ऑगस्ट अठ्ठ्याहत्तर. दोन नावं आहेत. गाव लिहिलं नाही.

विमल : नामांतराच्या दंगलीतल्या त्या मायलेकी. वस्ती जाळली होती त्यांची. आईच्या शाळेतल्या शिपाईण बाईंच्या नात्यातल्या. गल्लीतले लोक येऊन विचारायला लागले, कुणाला घरात घेतलंय, कोणत्या जातीच्या? आई दारात उभी राहिली आणि म्हणाली, माझ्या लेकी आहेत, माहेरपणाला आल्यात. मी तेव्हा मॅट्रिकला होते. मला लाज वाटली. लोक नंतर वर्षभर आमच्याकडे हळदीकुंकवाला आले नाहीत. आईनं संध्याकाळी हजेरीची जुनी वही काढली, रकाने आखले आणि तोच शब्द लिहिला. पुढं बदलला नाही.

तात्याराव : मोठी बाई.

विमल : हट्टी होती.

तात्याराव : पण हे मी अहवालात कसं लिहू? आबासाहेब वहीच मागतील. आता हीच ओळ घ्या. ‘सरजाबाई, ताडकळस, चौदा जून, माहेरपण.’ ह्यातून गरज कशी दिसती, सांगा.

बायनाबाई : चौदा जून म्हंजी कोन्या नक्षत्रात, सायेब?

तात्याराव : चौदा जून? मृगात.

बायनाबाई : कोनचं साल?

तात्याराव : अठ्ठ्याऐंशी.

बायनाबाई : त्या साली मृगाचा पाऊस झाला व्हता?

तात्याराव : झाला की. लय झाला. आमच्या घरी तीन तिफणी चालल्या होत्या, मी रजा टाकून गेलो होतो पेरणीला.

बायनाबाई : मग तवा तुमच्या घरची सून धाडली का माहेरपनाला?

तात्याराव : पेरणीत? येडं लागलंय का? पेरणीत आमच्याकडं बाळंतीण बी बांधावर...

बायनाबाई : बोला की.

तात्याराव : थांबा. थांबा मावशी. खालचं वाचतो. सोळा जुलै... खुरपण असती. बावीस नोव्हेंबर... वेचणी. नऊ फेब्रुवारी... ज्वारीची काढणी. आयला! माफ करा, ताई.

विमल : पुढं वाचा.

तात्याराव : पुन्हा जून. पुन्हा जुलै. एका बाईची मजुरी सोडायची नाही, असे दिवस आहेत हो हे सगळे. ह्या दिवसांत सासू लेकीला नाही सोडायची, सुनेला कुठून सोडंल?

बायनाबाई : आन दिवाळीत कोन हाय, बगा.

तात्याराव : दिवाळीत... एक्क्याऐंशी, नाही. ब्याऐंशी, नाही. पंचमीला पण कुणी नाही. मावशी, चौदा वर्षांत दिवाळीची एक नोंद नाही!

बायनाबाई : कशी असंल? दिवाळीला सासरचीच मानसं घालवायला येतेत, यस्टीत बसवून देतेत. तवा पळावं लागत न्हाई. मी वेचनीत आले. वटीत कापूस तसाच व्हता, रस्त्यात टाकायचं बी सुचलं न्हाई. बाईंनी वाळवला आन उशीत भरला.

तात्याराव : मी शेतकऱ्याचा पोरगा. वीस वर्षं तारखा लिहितोय. आणि तारीख वाचता येईना झाली मला.

विमल : मलाही आली नाही. मी तर ही वही महिनाभर उशाशी घेऊन झोपते.

तात्याराव : एक विचारू, ताई? दिवाळीत तुमचं नाव पाहिजे होतं की. खरी लेक तर तुम्हीच.

विमल : मी शेवटच्या तीन दिवाळ्या आले नाही.

तात्याराव : कामाचा ताण असेल.

विमल : नाही. मीच पत्रात लिहिलं होतं, तुझ्याकडे कायम कुणीतरी असतं, मला वाचायला कोपरासुद्धा मिळत नाही, गर्दी कमी झाली की कळव. दिवाळीत घर रिकामं असतं, हे मला आत्ता कळतंय.

तात्याराव : बाईंनी कळवलं नाही?

विमल : कार्ड आलं होतं. ‘तुझ्या सोयीनं ये.’

बायनाबाई : आमी दोघीच असायचो, ताई. पर बाई करंज्या लय करायच्या. मी मनायची, कोन खानार एवढं? तर मनायच्या, असू दे.

विमल : पुढं वाचा, तात्याराव.

तात्याराव : ही सरजाबाई पुन्हा आली. वेचणीत. मग पुढच्या साली काढणीत. मग परत मृगात. चार वेळा. त्यानंतर नाव नाही. सुधारला म्हणायचा नवरा.

बायनाबाई : न्हाई.

तात्याराव : मग दुसरीकडं गेली?

बायनाबाई : ते नगा विचारू, सायेब. आन लिवू बी नगा.

तात्याराव : ...बरं. ताई, हे असं करू. नावं झाकायची. गावं पण नकोत. नुसती तारीख, आणि तिच्यासमोर त्या दिवशी शेतात काय काम असतं ते. बास. समितीत सगळे शेतीवाले आहेत. मावशी काम सांगतील, तुम्ही लिहा. अर्जावर पाहिलं, तुमचं अक्षर बाईंसारखंच आहे.

विमल : तिचं जास्त सरळ होतं. द्या कागद.

(त्याच दिवशी, साडेचारच्या सुमारास. कार्यालयाबाहेर लिंबाखालचा बाक. विमलच्या मांडीवर पुस्तक आहे. तासाभरात तिनं पान उलटलेलं नाही. तात्याराव वही काखेत घेऊन पायऱ्या उतरतात.)

बायनाबाई : आले बगा. तोंडावरून काय कळंना.

विमल : बसा, तात्याराव. पाणी घ्या.

तात्याराव : वही कुणाच्या हातात दिली नाही, कारण माहेरपण एवढंच सांगितलं, तर आधी हसले हो सगळे. आबासाहेब म्हणाले, आज माहेरपणाला अनुदान मागायलेत, उद्या डोहाळजेवणाला मागतील. मी तुमचा कागद काढला. खाली मान घालून वाचायला लागलो. चौदा जून, पेरणी. सोळा जुलै, खुरपणी. दहा-बारा झाल्या असतील, तेवढ्यात अंबिकाबाई म्हणाल्या, थांबा. ताई, वर्षभरात त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं पाणी पाहिजे असेल, मी तांब्या पुढं केला.

विमल : काय म्हणाल्या?

तात्याराव : म्हणाल्या, पेरणीत कोण सोडतं? असं कुणाकडं न पाहता. आबासाहेब म्हणाले, तू सही कर. त्या म्हणाल्या, करते की, आधी वाचू द्या त्यांना.

बायनाबाई : असं मनल्या?

तात्याराव : असंच. मग सगळ्याच्या सगळ्या वाचायला लावल्या. एकशे बारा. आबासाहेबांनी मध्येच चहा मागवला, तर म्हणाल्या, वाचून होऊ द्या. माझा घसा बसलाय बघा.

विमल : मंजूर झालं?

तात्याराव : एका वर्षासाठी. पुढच्या मार्चला पुन्हा पाहणार. आणि सगळा पैसा नाही, मशीनला बी थोडा गेलाच. तेवढ्यावर भागवावं लागेल.

विमल : भागेल. बायनाबाई, भागेल ना?

बायनाबाई : न भागायला काय झालं? पर तुमी रडू नगा, सायबापुढं.

विमल : रडत नाही.

तात्याराव : एक शर्त मात्र आहे. आबासाहेबांनी घातली, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. नवीन छापील रजिस्टर घ्यायचं. कारण खरं लिहायचं, दर महिन्याला नक्कल इथं पाठवायची. माहेरपण चालणार नाही.

बायनाबाई : कुनाला चालनार न्हाई?

तात्याराव : सरकारला, मावशी.

विमल : आणि नक्कल कोण उघडणार?

तात्याराव : माझ्याच टेबलावर येईल. शिपायाच्या हातून नको, मी स्वतः येऊन घेऊन जात जाईन. पण ती येणार, ताई, एवढं खरं. त्याला इलाज नाही.

बायनाबाई : ताई, मग सकाळी आली तिचं कसं? पयलं नाव तिचंच येनार की नव्या वहीत. नाव कडूबाई मनाली, फुडं तोंड उघडलं न्हाई. हातातली पिशवी बी खाली ठेवंना. तिच्याफुडं काय लिवायचं?

विमल : ते मी नाही ठरवणार. आई ठरवायची. मी कडूबाईलाच विचारेन, तुझ्यापुढं काय लिहू म्हणून.

बायनाबाई : आन न्हाईच बोलली तर?

विमल : रकाना मोकळा राहील.

तात्याराव : मोकळा रकाना म्हणजे मला वर जबाब द्यावा लागेल, ताई. आज ना उद्या काहीतरी लिहावंच लागेल तिथं. कधी विचारणार तिला?

विमल : आज नाही. आधी जेवू दे तिला.