अक्काची सही

आमचे पूर्वज राजेसरकारांबरोबर दक्षिणेतून देवासला आले म्हणतात, तंबू शिवायचे, मग संस्थान गेलं, तंबू गेले, वडील मंडीत पोती शिवत बसले आणि मी लागलो अस्पतालात वॉर्डबॉय म्हणून. अस्पतालाचं नाव नाही सांगत, काय करायचंय आता. घरात आमच्या मराठी, गल्लीत मालवी, शाळेत हिंदी, तर ह्या तिन्ही बोली मला येतात, वाचणं मात्र पाचवीपर्यंतचंच, आणि ह्या जिभेनंच माझं वाटोळं केलं.

कसं ते ऐका. दम्याचे मोठे डॉक्टर होते, त्यांच्याकडे एका कंपनीची नवी गोळी आली होती, माणसांवर तपासायची. संमतीचा कागद वीस पानांचा, सगळा इंग्रजी, आणि पेशंट लोहारद्याचे, बदनावरचे, पार डहीकडचे, त्यातल्या कितीकांना हिंदीही धड येत नाही. डॉक्टर म्हणाले, दत्तू, तू यांच्या बोलीत बोलतोस, तुझं ऐकतात, तूच समजाव. मी काय समजावणार, मलाच ठाऊक नाही. पेशंट विचारायचा, भिया, इमें कंई लिख्यो हे, म्हणजे यात काय लिहिलंय? मी म्हणायचो, दाजी, नवी दवा आहे, चांगली आहे, फुकट मिळेल, लावा अंगठा. आणि लावायचे हो. दुसऱ्यांदा कोणी विचारलं नाही. डॉक्टर मग माझ्या खांद्यावर हात ठेवायचे, सगळ्या वॉर्डासमोर, आणि मला त्याची काय ऐट होती.

माझी मोठी बहीण, अक्का, बदनावरला दिलेली. नवरा लवकर गेला, शिवणकाम करून तिनं मुलीला, सुनंदाला, शिकवलं, मास्तरीण केलं. आई गेल्यावर मलाही तिनंच वाढवलेलं. वाचायची तिला भारी हौस, शेवेच्या पुडीचा कागदसुद्धा सरळ करून वाचायची. दमा जुना, दोन वेळा पंप ओढायची, चाललं होतं ठीक. मीच म्हटलं, अक्का, चल देवासला, आमचे डॉक्टर मोठे आहेत. कोणी जबरदस्ती नाही केली. मीच नेलं.

तिनं चष्मा लावला, दोन पानं उलटली, म्हणाली, अरे दत्तू, हे तर इंग्रजीत आहे, यात काय आहे ते तुला ठाऊक आहे का? मागे डॉक्टर उभे. मी म्हटलं, हो अक्का, मला सगळं वाचून दाखवलंय, मी आहे ना. तिनं सही केली, पूर्ण नावाची, स्वच्छ अक्षरात.

मग डॉक्टरांनी गोळ्या देऊन तिला बदनावरला परत पाठवलं आणि पंप बंद केला. नवी गोळी असताना जुनं औषध चालत नाही म्हणे. आठवड्यात तिला जिना चढवेना. फोनवर बोलता बोलता थांबायची, मला पलीकडून नुसती छातीतली शिट्टी ऐकू यायची. सुनंदा म्हणाली, मामा, पंप देऊ का आईला? मी डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, मध्येच सोडलं तर सगळं फुकट जाईल, पूर्ण करू दे. मी सुनंदाला म्हटलं, देऊ नकोस. काय सांगू तुम्हाला, हे मी सांगितलं, माझ्या तोंडानं, आणि तिनं ऐकलं, कारण मामा अस्पतालातला. अकराव्या दिवशी दुपारी अक्का ओट्यावर बसल्या बसल्या गेली. सुनंदा शाळेत होती. पंप कपाटात होता, भरलेला.

सुनंदानं दोन वर्षं अर्ज केले तेव्हा फाइल निघाली. फाइलीत अक्काचं नाव नाही, नुसता नंबर. मृत्यूचं कारण, जुना आजार. आणि तिथंच कळलं की काहींना खरी गोळी देतात आणि काहींना तुलनेसाठी कोरी, आत औषधच नसलेली. अक्काला कोरी दिलेली. मतलब अकरा दिवस ती काहीच घेत नव्हती, आणि घरात औषध होतं.

भोपाळला चौकशी बसली. आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, सांग की तू सगळं समजावलं होतंस, नोकरी राहील. मी खरं ते सांगितलं, अंगठे कसे घेतले, अक्काशी काय खोटं बोललो. सुनंदा समोर बसलेली. साहेबांनी विचारलं, ठाऊक नव्हतं तर हो का म्हणालात? नोकरी गेली. डॉक्टरांना काही महिने बंदी लागली, मग त्यांनी दुसरीकडे दवाखाना टाकला, गर्दी असते.

नंतर लोहारद्याला गेलो, तिथल्या एकाचा अंगठा घेतलेला आठवत होता. तो वारला होता. त्याच्या बायकोनं चहा दिला, म्हणाली, भिया, थने फोकट में दवई दिलाई थी, भगवान थारो भलो करे. मी चहा प्यायलो आणि परत आलो. तिला सांगितलं नाही.

कायदा बदलला मात्र, आमच्यासारखी कितीतरी घरं कोर्टापर्यंत गेली तेव्हा. आता पेशंटच्या भाषेत सांगावं लागतं, सांगताना कॅमेरा चालू ठेवावा लागतो, कागद घरी न्यायला देतात, नको म्हटलं तरी नेहमीचा इलाज थांबवता येत नाही. सुनंदानं वकीलसाहेबांना विचारलं, माझ्या आईचं काय? ते म्हणाले, ताई, हे नियम पुढच्यांसाठी आहेत.

ह्या वैशाखात सुनंदाच्या मुलीचं लग्न झालं. कार्डावर माझ्या बायकोचं नाव, एकटीचं. ती म्हणाली, मी नाही जात. मी म्हटलं, जा, आणि आहेर घेऊन जा, आईच्या मामाकडचा आहेर हवा पोरीला. साडी मीच आणली होती, दुकानात दोन तास बसून. बायको संध्याकाळी परत आली ती पिशवी घेऊनच, घडी मोडली नव्हती. पोर आता उज्जैनला नांदते, सुखानं नांदो, भरल्या घरात राहो. माझा आशीर्वाद तिला पोचवायला कोणी नाही, पण मी आपला रोज देतो.