खरा मजकूर येईपर्यंत

नाही नाही, बसा ना डॉक्टर, उभ्याउभ्या काय बोलायचं — त्या खुर्चीवर नको, ती डुगडुगते, इकडे या. तर तुमचं म्हणणं असं, की तुमच्या दवाखान्याच्या वेबसाइटवर एक पान आहे आणि त्यावर कुणाच्या तरी घरातल्या गोष्टी लिहिल्यात — बरोबर? चूक झाली. माझीच. राहून गेलं ते. मी एकटीच सगळं करते, एवढी पानं असतात, एखादं नजरेतून सुटतं. आत्ता काढते, दोन मिनिटांचं काम. त्यासाठी पेशंट सोडून दोन जिने चढून यायची गरज नव्हती, नुसता फोन केला असता तरी —

काय? अच्छा, ते बघितलंत होय. म्हणजे तुम्ही अहवाल उघडलात. दर महिन्याला तो आपोआप जातो, मीच तशी सोय करून ठेवलीय सगळ्यांना — किती लोक आले, कुठलं पान बघितलं. पण कुणी गिऱ्हाइकानं तो उघडल्याचं आजवर ऐकलं नव्हतं. तुम्ही पहिलेच. आणि तुम्हाला वाटलं, अरे वा, लोक सगळ्यात जास्त हेच पान बघतायत, बघू तरी काय आहे. हं. सांगते कोण बघतं ते. पण आधी ते पान आलं कुठून ते ऐका, नाहीतर तुम्हाला वाटायचं बाई वेडी आहे.

आमच्या धंद्यात असं असतं बघा — गिऱ्हाईक मजकूर कधी वेळेवर देत नाही. तुम्ही तरी कुठे दिलात? ‘आमच्याविषयी’ या पानासाठी चार ओळी लिहून द्या म्हटलं, तर देतो देतो, उद्या देतो. मग तोवर आम्ही तिथे खोटा मजकूर टाकतो. कुठल्यातरी जुन्या परक्या भाषेतला, अर्थ काही नाही, चौकट ओकीबोकी दिसू नये म्हणून. एकदा बाबा मागे येऊन उभे राहिले, म्हणाले, हे काय भुताटकीचं लिहितेस? म्हटलं, बाबा, हे वाचायचं नसतं, नुसती जागा धरायची असते. म्हणाले, म्हणजे बसमध्ये रुमाल टाकतात तसं? म्हटलं, अगदी तसं. तर म्हणाले — मग रुमाल तरी आपला टाक की, परक्याचा कशाला?

झालं. तेव्हापासून तेच लिहायला लागले. ती डुगडुगणारी खुर्ची त्यांची. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्यांनी, जागा केवढी आणि अक्षर केवढं याचं माप डोळ्यांतच होतं. एका बोटानं टाइप करायचे — टक, टक, टक — माझं डोकं उठायचं. बेकरीवाल्याच्या साइटवर लिहिलं, ‘इथे पाव येतील, आत्ता भट्टी पेटतेय.’ कुलूपवाल्याच्या साइटवर लिहिलं, ‘इथे काही दिसणार नाही, कुलूप आहे.’ मी हसायचे, आणि खरा मजकूर आला की पुसून टाकायचे. त्यासाठीच असतो ना तो. जपून कोण ठेवतं? मी एकही ठेवला नाही. एकही नाही, डॉक्टर.

तुमचं काम तर त्यांनीच आणलं. तोंडात तुमची हत्यारं असताना माझ्याबद्दल बोलले कसे, देव जाणे. घरी येऊन म्हणाले, दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण या डॉक्टरांचं भरतं, आता थोडं तुझंही भरेल. असं काहीतरी बोलायचे, सरळ कौतुक कधी नाही. शेजारच्या काकू विचारायच्या, मुलगी काय करते हो? तर म्हणायचे, घरीच असते. घरीच असते! मी इथे मान मोडून काम करतेय, आणि दारात उभं राहून हे सांगतायत. मला लागायचं ते. भांडले नाही कधी, पण लागायचं. वाटायचं, यांच्या लेखी हे कामच नाही.

तुम्ही ते पान पूर्ण वाचलंत? नाही ना. दोन ओळी वाचल्या आणि डोकं फिरलं, साहजिक आहे. थांबा, वाचते. ‘इथे डॉक्टरांविषयी माहिती येईल. डॉक्टरांचा हात हलका आहे. सुई कळत नाही. माझी मुलगी सकाळपासून खुर्चीत आहे. चहा गार झाला. मी दोनदा सांगितले, तिने हूं केले. शेजारी विचारतात ती काय करते, मी सांगतो घरीच असते. ते मी चुकीचे सांगतो. मला नीट सांगता येत नाही. मी पाट्या करत होतो, तीही पाट्याच करते, माझ्यापेक्षा चांगल्या. अजून एक ओळ उरली. खरा मजकूर आला की ती हे पुसेल. तिला सांगावे लागत नाही. तिचे काम चोख असते.’

एवढंच.

नाही, मी ठीक आहे. तुम्हाला पाणी देऊ? — बाबा? ते कुठे असणार. गेले, डॉक्टर. तुमच्याकडे कवळीचं माप देऊन आले ना, त्यानंतर थोड्याच दिवसांत. छातीत दुखतंय म्हणाले आणि रिक्षा येईपर्यंतही थांबले नाहीत. हो, मला माहितेय तुमच्या दवाखान्यातल्या बाई फोन करतात, कवळी तयार आहे, बाबांना कधी आणता. मी म्हणायचे, आणते या आठवड्यात. काय सांगू? त्या एवढ्या सहज विचारायच्या — ‘बाबा कसे आहेत?’ मला ते ऐकायला बरं वाटायचं.

म्हणून ते पान तिथेच ठेवलं. मेनूतून काढलं, पण पुसलं नाही. आणि म्हणूनच मजकुरासाठी तुमच्या मागे लागले नाही — तुम्हाला वाटलं असेल, किती समजूतदार बाई आहे. ते पान रोज बघणारे लोक म्हणजे मीच. सकाळी इथून, बाहेर गेले की फोनवरून. कॉपी करून ठेव म्हणता? ठेवलीय की. पण ती माझ्याकडे, बंद. तिथे कसं, कुणीही आलं असतं, वाचलं असतं. तुम्ही आलातच ना.

काय म्हणालात? राहू दे?

नको हो. तुम्ही भले आहात, पण नको. खिशात कागद दिसतोय — मजकूर आणलाय ना तुम्ही? द्या इकडे. द्या, डॉक्टर. त्यांनी तोंडावर एकदाही म्हटलं नाही, माझं काम चोख आहे म्हणून. एकदाच म्हटलं, तेही इथे. आता हे ठेवलं तर तेच खोटं पडेल.

अक्षर बरं आहे हो तुमचं, डॉक्टर असून. ‘गेली वीस वर्षे रुग्णांच्या सेवेत...’ हं. एक ओळ कमी पडतेय, चौकट भरत नाही. नाही, काही सुचवू नका, असू दे तेवढी जागा.

झालं. बघा, पुसलं. या तुम्ही आता, पेशंट खोळंबले असतील. दार नुसतं ओढून घ्या, आपोआप लागतं. आणि तुमच्या बाईंना सांगा, आता फोन करू नका म्हणावं.