दोन घरांतली एक भिंत

देटलॉफ : घण ठेव खाली, गेझीना. आधी या भिंतीची गोष्ट ऐक. मोठी नाही. पण ऐकल्याशिवाय एक घाव घालायचा नाही.

गेझीना : देटलॉफकाका, तुम्हाला स्वयंपाकघरातलं धुराडं पाडायला बोलावलंय. गोष्टी सांगायला नाही.

देटलॉफ : म्हणूनच सांगतोय. घर किती जुनं?

गेझीना : पाचशे वर्षांचं. बाबा आल्यागेल्याला ऐकवायचे. रस्त्याकडून बघावं तर टोकदार कमानी, वर पायऱ्यापायऱ्यांनी निमुळती होत गेलेली दर्शनी भिंत. बाबा म्हणायचे, ‘पुढून चर्च, मागून गोठा!’

देटलॉफ : तुझा बाप काहीही बोलायचा. गोठा कसला, कोठार! वरचे तिन्ही माळे धान्याला आन् खारवलेल्या माशांच्या पिंपांना. माल वर ऐसपैस, मालक खाली कोपऱ्यात. बरं, शेजारचं आल्ग्रिमबाईंचं घर?

गेझीना : तसंच. जुळं.

देटलॉफ : जुळं नाही, चिकटलेलं. गल्लीतली लाकडी घरं जळाली, तेव्हा ठरलं, दोन घरांच्या मध्ये विटेची भिंत पाहिजे. पण ही असली वीट, एका हातात मावत नाही, भाजायला लाकूड किती लागत असेल? मग दोघांत मिळून एकच भिंत. तुझ्या तुळया इकडून शिरतात, बाईंच्या तिकडून.

गेझीना : हे माहितीये मला. मी भिंतीला हात लावतच नाहीये. धुराडं आमचं आहे, बाबांनी बांधलेलं.

देटलॉफ : बापानं नाही. मी. चव्वेचाळीस वर्षं झाली.

गेझीना : अगं बाई! मग तर सोपं. तुमचंच काम, तुम्हीच पाडा.

देटलॉफ : ऐक तर. आपल्या विस्मार गावात तेव्हा सिमेंट मिळत नव्हतं, बांधकामाची परवानगी तर त्याहून नाही. तुझ्या बापाला इथं शेगडी पाहिजे होती. म्हणाला, धुराडं भिंतीत खोल घाल, जागा वाचेल. मी खोदत गेलो. आत लाकूड लागलं. वाटलं, तुमच्याच जुन्या माळ्याचा तुटका तुकडा. कापला.

गेझीना : आणि तो...

देटलॉफ : बाईंच्या झोपायच्या खोलीची तुळई. पार टोकाकडून छाटली. मग घाबरून उरलेलं टोक धुराड्याच्या विटांवर टेकवलं, वरून गिलावा केला. आज ती खोली भिंतीवर नाही, ह्या धुराड्यावर बसलीय.

(गेझीना घण भिंतीपासून लांब नेऊन ठेवते.)

गेझीना : आत्ता मी एक घाव घातला असता तर?

देटलॉफ : बाई घरात आहेत ना? खाट बरोबर ह्याच्या वर.

गेझीना : बाबांना ठाऊक होतं?

देटलॉफ : त्याच संध्याकाळी सांगितलं. म्हणाला, गप बस, दोघंही आत जाऊ. पुढं विषयच काढला नाही त्यानं. आन् मीही.

गेझीना : चव्वेचाळीस वर्षं, काका! आल्ग्रिमबाईंना काहीच कळलं नाही?

देटलॉफ : त्यांच्या खोलीची जमीन बोटभर खचली. कपाटाचं दार आपोआप उघडतं म्हणून मलाच बोलावतात. मी कपाटाच्या पायाखाली लाकडाची चीप सारतो, त्या आलुबुखारचा केक देतात. वर म्हणतात, ‘तुझ्यासारखा प्रामाणिक गवंडी राहिला नाही गावात.’ तो केक कसा गिळतो, माझं मला ठाऊक.

गेझीना : दुरुस्त होईल?

देटलॉफ : होईल. त्यांच्या बाजूनं टेकू द्यायचा, तुळईला नवं टोक जोडायचं, भिंतीत नीट बसवायचं. मग तुझं धुराडं खुशाल पाड. आठ दिवसांचं काम. पण त्यांची खोली रिकामी करावी लागेल. का, ते सांगावं लागेल.

गेझीना : मग सांगा ना! आत्ता!

देटलॉफ : सकाळपासून दोनदा त्यांच्या पायरीपर्यंत जाऊन आलो.

गेझीना : सगळं बाबांवर ढकलणार नाही ना तुम्ही?

देटलॉफ : करवत माझ्या हातात होती, पोरी. तुझ्या बापाचं नावही काढत नाही.

गेझीना : नको, काढा. जे झालं ते सगळं सांगा.

देटलॉफ : सांगतो. बोलेन मीच. तू फक्त बरोबर चल, आन् त्यांचं दार वाजव.