गिट्टीऐवजी बाटल्या

बाटल्या उकिरड्यावर फेकू नका हो. त्यावरून मला आमच्या बाबांची गंमत आठवली. साठ-एकसष्ट साल असेल. घाटंजीला बाबा दारासमोर सिमेंटचा ओटा बांधत होते आणि गिट्टी कमी पडली. मग त्यांनी गावातल्या उकिरड्यांवरून रिकाम्या बाटल्या गोळा केल्या. त्या फोडून, बारीक कुटून सिमेंटात कालवायला लागले. म्हणायचे, "काच सडत नाही, जळत नाही. ओट्यात गेली तर पोरायच्या पायात तरी जानार नाही."

नेमके त्याच दिवशी आर्णीचे पाहुणे मला बघायला आले. दारूबंदीचे दिवस आणि अंगणात बाटल्यांचा हा ढीग!

मुलाच्या वडिलांनी विचारलं, "एवढ्या बाटल्या? कोन पेते जी?"

सुपारीसुद्धा न खाणारे आमचे बाबा गडबडले. "गाव पेते जी. मी फक्त फोडतो."

आत आईनं कपाळावर हात मारला. मी पोह्यांच्या ताटल्या घेऊन दारातच थांबले. आता पाहुणे उठून जाणार, असंच मला वाटलं.

पण मुलाचे वडील ढिगाजवळ गेले, एक-दोन बाटल्या हातात घेऊन पाहिल्या आणि खुशीत म्हणाले, "लाजता कायले? घर पसंत हाये आमाले. एवढ्यात तुमचा ओटा होते ना? आमच्या घरच्या बाटल्यायत तर बसस्टँडपर्यंत रस्ता होईन!"

बाबा हसायला गेले आणि मध्येच थांबले. आईनं मागून माझा पदर ओढला.

"पोहे वापस आन वं."