इंदूबाईंच्या दुधाची साय

दुधाच्या तपासणीवरून आठवलं. मी संगमनेरला एका डेअरीच्या लॅबमध्ये आहे. एका सकाळी इंदूबाई नावाच्या बाई थेट माझ्या टेबलाशी आल्या. त्यांच्या दुधात फॅट फारच कमी आलं, म्हणून गावच्या दूध संकलन केंद्रावर चारचौघांत त्यांना विचारलं होतं, "साय काढून दूध घालता व्हय?"

"म्याडम, मी साय काढत न्हाई," त्या म्हणाल्या. "लोकं हसत्यात मला."

त्यांच्या नमुन्याची राखून ठेवलेली बाटली मी फ्रिजमधून काढली. साय वर येऊन गळ्याशी घट्ट चिकटलेली. आमचं इन्फ्रारेड मशीन नळीनं ओढलेल्या थोड्याशा दुधातून किरण सोडून फॅट सांगतं. म्हणून साय सगळीकडे सारखी मिसळावी यासाठी दूध आधी कोमट करून हलवावं लागतं. आदल्या दिवशी घाईत तेच राहिलं होतं. बाटली गरम पाण्यात ठेवली, सावकाश उलटसुलट केली आणि मशीनला लावली. फॅट चांगलं आलं.

"चूक आमची आहे. दुरुस्त करते," मी म्हणाले.

त्या जागच्या हलल्या नाहीत. "म्याडम, मला बोलले ते सगळ्यांसमोर. तुमी मला एकटीलाच सांगताय."

दुसऱ्या सकाळी मी केंद्रावर गेले आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. इंदूबाईंनी पदर सारखा केला आणि किटली पुढे सरकवली.

"घ्या आता दूध."