पायगुण

निलंग्याच्या एस्टीत अमृतराव कालच्या कीर्तनातली चाल गुणगुणत होते. पुढच्या बाकावर साखराबाईंनी शेजारच्या पोरीला विचारलं,

“बाटलीत चिखल? चूल लिंपतीस का काय?”

“न्हाई मावशी, कॉलेजात तपासते. धरणाकाठच्या चिखलावर बारीक शेवाळ धरतं. हिवाळ्यात तपकिरी असतं. उन्हाळ्यात पाणी आटलं की हिरवंगार होतं, अन् तेच कधीकधी विषारी असतं.”

“जनावरानं तिथलं पाणी पिलं तर?”

“मरतंय बी.”

“आमची म्हैस वैशाखात तिथंच पाणी पिऊन मेली. सून येऊन आठ दिस झाले होते. पायगुण वाईट म्हणून मी तिला माहेरी धाडली.”

“मग आणा की परत.”

“सोडचिठ्ठी झाली. दिवाळीत दुसरीकडं दिली तिला. लेक बोलत न्हाई माझ्याशी.”

मागच्या बाकावर अमृतरावांची चाल थांबली.

“ती बाटली पिशवीत घाल, बाई,” साखराबाई म्हणाल्या.