निर्मलाबाईंचा रफार

मंडळी, ऐका! टाळ जरा मांडीवर ठेवा. देवाचं नाव घ्यायचंच आहे, पळून चाललेला नाही तो! आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या मला. वीस-पंचवीस वर्षं एखादं काम केलं. हात आपोआप चालतात. मग ते काम आपल्याला येतं — की नुसतं हाताला येतं?

माना डोलवू नका! नीट विचार करून सांगा.

परवा माझा फोन न विचारता बदलला. सकाळी बघतो तर उचलायचं बटण गायब! सासरेबुवांचा फोन वाजतोय, मी पडद्यावर बोट घासतोय, आणि ते सुटले सगळीकडे सांगत — जावई फोन कापतो! हसताय? तुमच्यावर आली नाही म्हणून हसताय!

पण विट्याच्या शालनताईंवर आली ती ऐका.

शालनताई खुस्पे. वय चौपन्न. विट्याला अरविंदशेठांचा छापखाना आहे, तिथं सव्वीस वर्षं संगणकावर बसायच्या. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, दुकानाच्या पाट्या — अख्ख्या तालुक्याची नावं त्यांच्या बोटांखालून गेलेली! पडद्याकडे बघायच्या सुद्धा नाहीत. हिकडं शेजारणीशी बोलणं चालू, तिकडं पत्रिका तयार!

एके दिवशी सकाळी संगणक चालू केला, तर पडद्यावर गोल गोल फिरतंय. 'नवी आवृत्ती बसत आहे, कृपया बंद करू नका.' कुणी सांगितली होती? कुणीच नाही! आपण अंघोळीला गेलो आणि कुणी येऊन स्वयंपाकघरातले डबे हलवून ठेवले, तसं झालं ते. मी तर म्हणतो, न विचारता बदललं ही चूकच!

जुनी अक्षरं गेली. कळफलकाच्या कळा जागच्या जागी, पण ताईंनी 'विवाह' लिहायला घेतलं तर वेलांटी एकीकडे, 'व' दुसरीकडे. का? सांगतो, कान द्या. जुन्या पद्धतीत अक्षर दिसतं तसं टंकायचं. पहिली वेलांटी डावीकडे दिसते ना? मग वेलांटी आधी, अक्षर नंतर. आणि रफार? तो ज्याच्या डोक्यावर बसणार ते अक्षर आधी, रफार नंतर. सव्वीस वर्षं बोटांना हेच वळण! आणि नव्याला हा क्रम चालेना.

शालनताई भडकल्या. संगणकाला काय काय बोलल्या — ते देवळात सांगण्यासारखं नाही!

त्यातच काम आलं. निर्मलाबाई दिवेकर — मुलींच्या शाळेत छत्तीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतला त्यांनी. वय एक्याऐंशी, म्हणून शाळेनं सत्कार ठरवला. खुद्द शालनताई त्यांची विद्यार्थिनी! ताईंनी वेलांट्यांशी झटापट करत फलक जुळवला, एकेक वेलांटी ओढून जागेवर बसवली. अरविंदशेठांनी नजर टाकली, छापला, सभागृहात टांगला.

दुपारी शाळेतून फोन. "ताई, अहो बाई जिवंत आहेत!"

"म्हणजे?"

"फलक वाचा की! निर्मला नाही हो... नि-मर्-ला! मरला!"

मंडळी, कळलं का? रफार म वर बसायचा, तो पुढं जाऊन ल वर बसला! 'निर्मला'चं झालं 'निमर्ला'! वेलांट्या सांभाळता सांभाळता रफार निसटला, आणि काय लिहायचंय ते ठाऊक असलं की डोळा तेच वाचतो. शेठनीही तेच वाचलं होतं.

शेठ मोठ्यानं ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं. म्हणाले, "शालनताई, सत्कार उद्या दहाला आहे. फलक आज नीट झाला तर ठीक. नाही तर इथून पुढं कामं सांगलीला पाठवतो, तुम्ही आता विश्रांती घ्या."

विश्रांती! सव्वीस वर्षं राबलेल्या माणसाला हा शब्द केवढा लागतो, ज्याला लागलाय त्याला विचारा. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण फलकाला हात लावायच्या आधी त्या उठल्या आणि थेट निर्मलाबाईंच्या घरी गेल्या. पाय धरले. "बाई, माझ्या हातनं तुमच्या नावाचं असं झालं."

बाई शेंगा फोडत होत्या. ऐकलं, आणि खो खो हसल्या! "अगं, एक्याऐंशी झाली, कधीतरी व्हायचंच. फलक जरा आगाऊ निघाला, एवढंच! पण शालन, असं का झालं गं? रफार आपणहून कसा चालत गेला? मला बघायचंय ते. चल, रिक्षा बोलाव."

बघा हं! आपण काय म्हणतो? मलाच का झालं! बाई काय म्हणतात? असं का झालं! एक्याऐंशीव्या वर्षी!

छापखान्यात बाई खुर्ची ओढून बसल्या. "लिही माझं नाव." शालनताईंचं बोट सवयीनं वेलांटीवर गेलं. पडद्यावर ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ, आणि त्याला चिकटलेली वेलांटी.

"ही वेलांटी कुणाची?"

"न ची, बाई."

"मग न कुठाय?"

"यायचाय."

"अगं, घर बांधलं नाही आणि वेलांटी दारात उभी? पहिलीत काय शिकवलं होतं मी? म्हण बाराखडी!"

आता चौपन्न वर्षांची बाई, समोर शेठ उभे! लाजत लाजत म्हणाल्या, "न ला काना ना... न ला पहिली वेलांटी —" आणि थांबल्या.

"का थांबलीस?"

"न... न आधी आहे, बाई!"

"मग आधी न दे की!"

दिला. मग वेलांटी दिली. ती टुणकन उडी मारून आपणहून डावीकडे जाऊन बसली!

"आता पुढचं सावकाश म्हण."

"निर्... म... ला."

"र आधी ऐकू आला की म?"

"र."

"मग र चा पाय मोड, आणि त्यानंतर म दे. डोक्यावर कसं बसायचं ते त्याचं तो बघेल."

आणि मंडळी, बसला! रफार म वर! निर्मला! बाईंनी टाळी वाजवली. "परत कर! आता कार्तिक कर! आता पूर्णिमा!" पोर झाल्या अगदी! शेठ बघतच राहिले.

शालनताई रडवेल्या झाल्या. "बाई, म्हणजे सव्वीस वर्षं मी उलटंच लिहीत होते?"

"उलटं कशाला? डोळ्याला दिसतं तसं लिहीत होतीस. हे कानाला ऐकू येतं तसं लिहितंय. मी तुला आधी ऐकायला शिकवलं होतं, तू मध्ये विसरलीस, एवढंच."

फलक झाला. सत्कार झाला. शालनताई आजही त्याच खुर्चीवर आहेत, फक्त काम करताना ओठ हलतात.

संपलं असं वाटलं ना? नाही. गेल्या माघात निर्मलाबाई गेल्या. श्रद्धांजलीचा फलक शालनताईंकडेच आला. शेठ म्हणाले, "ताई, दुसऱ्या कुणाला सांगू का?" त्या नको म्हणाल्या. डोळे भरलेले, पडदा दिसेना. मग डोळे मिटून घेतले आणि मोठ्यानं म्हणत लिहिलं — न ला पहिली वेलांटी नि... र चा पाय मोडला... म... ल ला काना ला. उघडून बघितलं. एक चूक नव्हती.

आता माझ्या पाठीमागं बघा. 'कीर्तन महोत्सव'. रफार कुठाय? त वर. हा फलक शालनताईंनीच केलाय, त्या बसल्यात तिकडे खांबाशी. सकाळी हा वाचला आणि मलाच चटका बसला हो! तेवीस वर्षं मी देवाचं नाव घेतोय. मला येतं, की नुसतं तोंडाला येतं?

तुमचं तुम्ही सांगा. पंचवीस-तीस वर्षं जपमाळ ओढताय, बोटं चालतात, आणि मन? गॅस बंद केला का! म्हणून आज टाळ नको, मृदंग नको. पहिलीच्या वर्गात बसल्यासारखे बसा, आणि पहिल्यांदाच ऐकताय असं समजून माझ्यामागून म्हणा —

व ला पहिली वेलांटी... वि...